मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या गाठीने मार्ग बंद झाल्यास स्टेंट घालावा की लगेच शस्त्रक्रिया करावी?

आपल्या वडिलांच्या डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ असून कालपासून शौच आणि वायू दोन्ही थांबले आहेत, असे आपण लिहिले आहे. तेव्हा घरी जुलाबाचे औषध मुळीच न देता त्यांना पुण्यातील ससून किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आजच न्यावे, ही कळकळीची विनंती. आतडे फुटले असेल किंवा सीटी स्कॅनमध्ये त्याचा सुरुवातीचा भाग १२ सेंटिमीटरच्या आसपास फुगलेला दिसला, तर शस्त्रक्रिया सहसा लांबवता येत नाही. तसे नसल्यास दुर्बिणीतून धातूची जाळीदार नळी, म्हणजेच स्टेंट, बसवून मार्ग मोकळा करतात आणि साधारण २ आठवड्यांनी, प्रकृती सावरल्यावर, नियोजित शस्त्रक्रिया करतात. मात्र स्टेंटने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असल्याने तो अनुभवी हातांनीच बसवलेला बरा. आतड्याचे तोंड पोटावर काढून शौच गोळा करण्यासाठी तिथे लावाव्या लागणाऱ्या पिशवीला घाबरून शस्त्रक्रिया नाकारू नका, कारण अनेकदा ती तात्पुरतीच असते.