सकाळी धुरकट, दुपारी स्वच्छ

प्रश्न : आईचं वय ६४. डोळ्यांचा कोन अरुंद म्हणून ९ वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांना लेझर केलं होतं. हल्ली उठल्यावर उजव्या डोळ्याला धुरकट दिसतं, दुपारपर्यंत निवळतं. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन सुचवलंय. हा लेझरचा परिणाम असेल का? ऑपरेशन लांबवावं का?

उत्तर : असू शकतो. पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. पडद्यात शिरलेलं पाणी तो सतत बाहेर काढतो. या पेशी गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. प्रौढ वयात दर चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० पेशी असतात. त्या ५००च्या आसपास उतरल्या की पाणी साचून पडदा सुजतो. रात्री पापण्या मिटल्यावर बाष्पीभवन थांबतं, म्हणून त्रास सकाळी जास्त.

कोन म्हणजे पारपटल आणि बुबुळ यांच्यामधली, डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होण्याची जागा. ती मोकळी राहावी म्हणून लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. जपानमध्ये आर्गॉन प्रकारच्या लेझरनंतर कित्येक वर्षांनी अशी सूज आलेले बरेच रुग्ण आढळले. आर्गॉनला एकूण ऊर्जा खूप लागते. यॅग लेझरचं काम थोड्या शॉटमध्ये होतं. पण आपल्याकडची तपकिरी, जाड बुबुळं भेदायला कधी आधी आर्गॉनही वापरतात. कोन फार अरुंद असेल, कोन अचानक बंद होऊन तीव्र झटका येऊन गेला असेल किंवा पेशी मुळातच कमकुवत असतील, तर धोका वाढतो. लेझर करायला नको होतं, असं मात्र समजू नका. कोन अचानक बंद झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोन्ही डोळ्यांची स्पेक्युलर मायक्रोस्कोपी, म्हणजे या पेशी मोजणारी तपासणी, करून घ्या आणि पारपटलाची जाडीही मोजून घ्या. जाडी शक्यतो सकाळीच मोजा, दुपारी सूज उतरलेली असते. लेझरचा जुना कागद असेल तर सोबत न्या. निव्वळ घाबरून ऑपरेशन लांबवू नका: मोतीबिंदू पिकून कडक झाला की तो फोडायला जास्त अल्ट्रासाउंड लागतो आणि उरलेल्या पेशींवरच घाव बसतो. शिवाय भिंग काढल्याने कोनही मोकळा होतो. पेशी कमी निघाल्या तर सर्जन त्यांना जपणारं जेल जास्त वापरतात.

तोवर ५ टक्के मिठाचे थेंब डॉक्टरांना विचारून सुरू करता येतील. काचबिंदूसाठी डॉर्झोलामाइड हे थेंबांचं औषध चालू असेल तर तेही सांगा. कमकुवत पारपटलाची सूज त्याने वाढू शकते. सूज हटलीच नाही तर आता अख्खं पारपटल बदलावं लागत नाही. डीसेक किंवा डीमेक शस्त्रक्रियेत नेत्रदानातून मिळालेला आतला थरच बसवतात.

डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.