आधी विषय बघ, मग गाव

बाळा,

तुझा मेसेज परत परत वाचला. बीएस्सीच्या तिसऱ्या सेमला मन लागेना, इतिहास करायचाय, शिलालेख वाचायचेत, म्हणून सगळं सोडून कोल्हापूरला नाहीतर पुण्याला जातो म्हणतोस. शिलालेख म्हणालास ते फार आवडलं. पण त्याबद्दल एकच ओळ, आणि बाकी सगळं कोल्हापूरची हॉस्टेलं, मित्र, तिकडं सगळं मराठीत चालतं वगैरे. तुला विषय बदलायचाय का बेळगाव सोडायचंय? दोन्ही असलं तरी चालतंय, पण आधी विषय बघ, मग गाव.

आता विषय कुठं आहे बघ की. आपल्या भागातले जुने लेख बहुतेक हळेगन्नड म्हणजे जुन्या कानडीत नाहीतर संस्कृतात. बेळगावचेच शके 1127 चे, रट्ट राजांच्या काळातले दोन लेख लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसलेत, ते कानडीत आहेत. हलशीच्या नरसिंहाच्या देवळात कदंब राजांचा लेख आहे, खानापूरपासून कितीसं लांब, गेलायस काय कधी? आणि हे शिकवणारा प्राचीन इतिहास आणि शिलालेखांचा विभाग आहे धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात. शाळेत कानडी शिकलायस, घरात मराठी बोलतोस, पुण्याच्या पोराला जे मिळवायला वर्षं लागतील ते तुझ्याकडं आयतं आहे आणि तू तेच टाकून निघालायस!

उत्खननच करायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल पुण्याला डेक्कन कॉलेजला जा, तिथं एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, म्हणजे बीएस्सी पुरी करूनही जाता येतं. बघ, विषय ठरला की गाव आपोआप ठरतंय.

मी बीकॉम सोडून धारवाडला गेलो तेव्हा काय काय ऐकलं म्हणून सांगू. मराठी माणूस कानडी शिकायला निघाला म्हणून काहींनी बोलणं टाकलं. एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धारवाडच्या बसमध्येही मीच होतो. सीमाप्रश्न माझा आहे आणि दगडावरचं कानडीही माझंच आहे, हे तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो, कुणाला पटो न पटो. लेखाचा ठसा घ्यायचा म्हणजे दगड धुवायचा, ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकत बसायचं, मग शाईची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवायची आणि काळ्यातून पांढरी अक्षरं वर येताना बघायची, हे ज्यानं केलंय त्याला काय विचारताय की वर्ष वाया गेलं का म्हणून! गेलं माझं एक वर्ष. ऑफिसातल्या क्लार्कनं टीसी कपाटात ठेवून दिली, ॲडमिशनची तारीख निघून गेली. त्या वर्षाचं वाईट वाटतं, अजून वाटतं, कारण मला जे सर शिकवणार होते ते तोवर रिटायर झाले होते.

तुझ्या वेळचं जरा बरं आहे. 2022 पासून यूजीसीनं दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय, एक रेग्युलर आणि दुसरी डिस्टन्सनं. म्हणजे बीएस्सी चालू ठेवून बीए इतिहास बाहेरून करता येतंय. मधेच उडी मारलीस तर बीएला बहुतेक पहिल्या वर्षापासूनच बसावं लागणार, फिजिक्सचे मार्क तिथं कोण धरतंय? आमच्या वेळी बेळगावची कॉलेजं धारवाडलाच जोडलेली, 2010 ला बेळगावचं वेगळं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, त्यामुळं धारवाडला जायला तुला आता मायग्रेशन सर्टिफिकेटही काढावं लागेल.

घरी काय म्हणतील ते मला विचारू नको, ते तुझं तू बघ. वडलांना गावाचं नाव सांगत बसलास तर ते खर्चच विचारणार. विषय सांग त्यांना, नीट सांग.

सुट्टीत आधी हलशीला जाऊन ये, मग धारवाडला विभागात जा, बीएस्सीवाल्याला घेतात काय तोंडावर विचार, जमलं तर एखाद्या तासाला मागं बस. कंटाळा आला तर तेही स्पष्ट कळव, मी रागावणार नाही. आणि दुसरीकडं ॲडमिशन पक्कं झाल्याशिवाय टीसीचा अर्ज अजिबात देऊ नकोस.