माझी सहा वर्षांची मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. तिला बोलके करायला हवे का?

नाही, तसा प्रयत्न करण्याची गरज नाही. ती घरी मोकळेपणाने बोलत असेल आणि खेळात रमत असेल, तर वर्गात शांत राहणे हा तिचा स्वभाव आहे, उणीव नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात सुमारे २० टक्के बाळे नव्या आवाजांना आणि वस्तूंना तीव्र प्रतिसाद देताना दिसली, आणि पुढे अनोळखी माणसांसमोर बुजण्याकडे त्यांचाच कल अधिक आढळला. म्हणजे या स्वभावाचा काही भाग उपजत असतो, त्यामुळे आपले संस्कार कमी पडले असे पालकांनी कृपया मानू नये. पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ असा आग्रह धरू नका, आणि तिच्यादेखत ‘ती लाजाळूच आहे’ असेही म्हणू नका, कारण मुले असे शिक्के खरे मानतात. ‘तुला वाटेल तेव्हा बोल, नुसते ऐकत बसलीस तरी चालेल’ हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा आणि तिच्या बाईंनाही कळवा. मात्र घरी बोलणारे मूल, शाळेचा पहिला महिना सोडल्यास, महिनाभराहून अधिक काळ शाळेत एक शब्दही बोलत नसेल, तर त्यामागे तीव्र चिंता असू शकते. अशा वेळी बालमानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे.