सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नोकरी करायची तर वनरक्षक व्हावं की आरएफओ?

तुमचं बीएस्सी झालंय, घर कराडकडे आहे, म्हणून विचारताय की सरळ वनरक्षक भरतीला बसू की अधिकारीपदाची तयारी करू, आणि जंगल नक्की चालवतं कोण.

शेवटचं आधी सांगतो. वर क्षेत्र संचालक, उपसंचालक, सहायक वनसंरक्षक आहेत. आराखडे, निधी, मंजुऱ्या तिकडे. पण जंगल चालतं परिक्षेत्रावर, म्हणजे प्रकल्पाच्या एकेका भागावर (रेंज). चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० साली हा प्रकल्प झाला. त्यात चांदोली, हेळवाक, बामणोली, ढेबेवाडी अशी परिक्षेत्रं आहेत. प्रत्येकाला एक वनक्षेत्रपाल, म्हणजे आरएफओ. त्याच्या हाताखाली वनपालाकडे परिमंडळ, म्हणजे परिक्षेत्राचा एक तुकडा, आणि वनरक्षकाकडे त्यातलं सगळ्यात लहान क्षेत्र, बीट.

जाळरेषेचंच बघा, म्हणजे वणवा पुढे पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्यामुळे रेषा त्याआधी तयार लागते. पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत कापून आत ओढायचं, कडा झाडून मातीपर्यंत साफ करायच्या, गवत वाळलं की वारा पडलेला असताना मधला पट्टा जाळायचा. घाई केली तर गवत अर्धं हिरवं, नुसता धूर होतो आणि काम दुबार करावं लागतं. उशीर केला तर सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा वारा ठिणगी पलीकडे नेतो आणि आपणच लावलेला वणवा आपणच विझवत बसतो. कुठली रेषा आधी, मजूर कुठल्या गावचे, पाचोळा उडवणारा ब्लोअर कुठल्या संरक्षण कुटीवर ठेवायचा, हे सगळं आरएफओ ठरवतो. मजुरी वेळेवर निघाली नाही तर पुढच्या वणव्याला गावातून कोणी येत नाही. माझ्या मते या खात्यातलं खरं नेतृत्व इथेच दिसतं, बैठकीत नाही.

वनरक्षकाचं काम म्हणजे गस्त. पावसाळ्यात जळवा, बामणोलीकडे बोटीनं फिरणं, एम-स्ट्राइप्स या गस्तीच्या ॲपवर नोंदी, प्राण्यांचे आपोआप फोटो घेणारे कॅमेरा ट्रॅप. बिबट्यानं जनावर मारलं तर मालकानं ४८ तासांत कळवायचं असतं. पंचनाम्याआधी मढं हलवलं की भरपाई अडकते, हे गावाला आधीच समजावून ठेवावं लागतं.

आता परीक्षा. वनरक्षकाला बारावी पुरते. आरएफओ आणि सहायक वनसंरक्षक एमपीएससीच्या वनसेवेतून, आयएफएस (भारतीय वनसेवा) यूपीएससीतून. आरएफओचं प्रशिक्षण देणारी एक प्रबोधिनी तर तुमच्या शेजारीच, पलूस तालुक्यात कुंडलला आहे. एक फरक ध्यानात ठेवा: वन्यजीव गुन्ह्यात कोर्टात ग्राह्य धरली जाणारी साक्ष नोंदवायला किमान सहायक वनसंरक्षक दर्जाचा अधिकारी लागतो.

पदवी आहे तर वनसेवाच धरा, मधे वनरक्षकाची जाहिरात आली तर तीही भरा. दोन्हीकडे पुरुषांना ४ तासांत २५ किमी चालून दाखवावं लागतं, म्हणजे ताशी सव्वासहा किमी. अभ्यासिकेत बसून वजन वाढलेली पोरं निम्म्यातच पोटऱ्या धरून बसतात. डांबरी रस्त्यावर, चाचणीला घालणार त्याच बुटांत, आतापासून आठवड्यातून एकदा तरी लांब चाला.