राइडला कॉटनचा टी-शर्ट चालेल का?

प्रश्न: मी सुट्टीच्या दिवशी माउंटन बाइक चालवतो. अंगाला चिकटणारी जर्सी नको वाटते, राइडनंतर चारचौघांत बसता येईल असा टी-शर्ट किंवा शर्ट सुचवा ना. कॉटन चालेल?

उत्तर: तासाभराच्या राइडला कॉटन चालेल, पण मोठ्या राइडला नकोच, कारण ते घाम धरून ठेवतं, चढावर चिंब भिजतं आणि मग उतारावर वारा लागला की अंग एकदम गार पडतं. पॉलिएस्टर पटकन सुकतं, पण घामाचा वास मारतो. माझं मत विचाराल तर पातळ मेरिनो लोकर (मेरिनो मेंढीची मऊ लोकर), 150 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅमच्या आसपासची, वास लवकर येत नाही आणि दिसतो साधा टी-शर्टच. फक्त काट्याला अडकला तर भोक पडतं हं.

घेताना आरशासमोर नुसतं उभं राहू नका, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून वाका, कंबर उघडी पडली तर तो शर्ट ठेवून द्या. खांद्यावरची शिवणही बघा, सॅकचा पट्टा नेमका तिथेच घासतो, म्हणून रॅगलन बाही बरी, तिची शिवण खांद्यावर न येता गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते. शर्टच हवा असेल तर टिचबटणांचा घ्या, चढावर एका हाताने उघडता येतो.