आधी तुमचा अहवाल तुमच्या हातात हवा

प्रश्न : मी जन्मापासून कर्णबधिर आहे. मूकबधिर शाळेत दहावीपर्यंत शिकले. मराठी लिहिता-वाचता येते. मूल होत नाही म्हणून जळगाव जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात तपासण्या केल्या. डॉक्टरांनी सारे सोबतच्या जावेला सांगितले, मला फक्त गोळ्या दाखवल्या. महिन्याभरात गल्लीत बिबडे करायला बसलेल्या बायकांच्या ओठांवर मला माझीच गोष्ट दिसली. तक्रार करता येईल का? पुढच्या वेळी जावेला बाहेर थांबवता येईल का?

उत्तर : ताई, दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेच आहे, परंतु त्याआधीची एक गोष्ट तुमच्या पत्रात राहून गेली आहे. तुमचा अहवाल तुम्ही स्वतः अजून वाचलेलाच नाही. गल्लीत फिरते आहे ते डॉक्टरांचे म्हणणे, की जावेला त्यातले जेवढे उमगले तेवढेच, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पहिला अर्ज तक्रारीचा नको, कागदपत्रांच्या प्रतींचा करा. वैद्यक व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या मिळायला हव्यात. यजमानांची तपासणी झाली असल्यास त्यांचा अहवाल मात्र त्यांनीच मागावा. जी गोपनीयता आपण तुमच्यासाठी मागतो आहोत, ती त्यांनाही आहे.

आता तक्रारीकडे वळू. त्याच विनियमांनी रुग्णाची माहिती इतरांना उघड करण्यास, काही मोजके अपवाद वगळता, डॉक्टरांना मनाई केली आहे. 'जाऊ सोबत आली, म्हणजे संमती होतीच,' असा बचाव पुढे येईल, आणि आपल्या प्रकरणातील नाजूक जागा तीच आहे, हे मी लपवत नाही. मात्र दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ आपल्या बाजूने भक्कम उभा आहे. कलम १० प्रमाणे प्रजननाविषयीची माहिती दिव्यांग व्यक्तीपर्यंत पोहोचेल याची जबाबदारी शासनाची आहे. कलम १३ प्रमाणे आधार देणाऱ्या व्यक्तीने तुमची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपला पाहिजे, आणि असा आधार बदलण्याचा अधिकार तुमचा आहे. वाजवी सोय नाकारणे हाही या कायद्याने भेदभावच ठरतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही, हे मान्य. पण दहावी शिकलेल्या बाईला केसपेपरच्या पाठीमागे चार ओळी लिहून देण्यासाठी दुभाषी कशाला लागतो?

या कायद्याखालील तक्रार घेऊन दिव्यांगांविषयीच्या जिल्हास्तरीय समितीकडे, तसेच पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वेगळी करावी. जावेला नोटीस पाठवण्याचा सल्ला मी देणार नाही. तिच्यापुढे ही माहिती ठेवली ती रुग्णालयाने, आणि उद्याही तुम्हांला त्याच अंगणात नांदायचे आहे.

पुढच्या भेटीत आत जाण्यापूर्वीच स्वहस्ते लिहून द्या : 'मी कर्णबधिर आहे. माझ्या आजाराची माहिती मलाच लिहून द्यावी. माझ्या लेखी परवानगीशिवाय सोबतच्या व्यक्तीस काहीही सांगू नये.' एक प्रत केसपेपरला जोडण्यास सांगा, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. अशी चिठ्ठी दप्तरी असली की संमतीचा तो बचाव पुन्हा उभा राहणार नाही.

वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीस, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यांची मदतवाहिनी १५१०० आहे. मात्र ऐकू न येणाऱ्या बाईला फोन नंबर देणे ही थट्टाच झाली, तेव्हा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज घेऊन जावे. हे पत्रही सोबत असू द्या.