शाळेची सुट्टी आणि दुकानातली कपात: न्यू जर्सीत बेरोजगारी भत्ता मिळेल का?

प्रश्न: मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत पॅराप्रोफेशनल (शिक्षकांची वर्गातली मदतनीस) आहे. सप्टेंबर ते जून, आठवड्याला ३० तास, पगार ५४० डॉलर. शिवाय वर्षभर संध्याकाळी एका दुकानात काम करून आठवड्याला ४०० डॉलर मिळत. मे २०२५ मध्ये दुकान बंद पडलं. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम केला, तर 'शाळेत परत जाण्याची खात्री आहे' म्हणून तो नाकारला. शाळेच्या पत्रात एवढंच आहे की निधी आणि विद्यार्थीसंख्या पाहून सप्टेंबरमध्ये बोलावू. आता काय करू?

उत्तर: नकाराच्या कागदावरची तारीख आधी बघा. तो पाठवल्याच्या तारखेपासून २१ दिवसांत अपील करावं लागतं. तुमच्या हातात कधी पडला याला महत्त्व नाही.

आता मुद्दा. शाळेत परत जाण्याची खात्री असेल तर दोन शैक्षणिक वर्षांच्या मधल्या सुट्टीत शाळेच्या पगारावर आधारलेला भत्ता मिळत नाही, पण तो अडवला जातो फक्त शाळेच्या पगारापुरता. दुकानाचा पगार त्यात येत नाही. नकाराच्या पत्रात हे बहुधा नीट लिहिलेलं नसतं, म्हणून लोक 'आपल्याला काहीच मिळणार नाही' असं समजून गप्प बसतात.

तुमचा ढोबळ हिशेब असा. जून २०२५ च्या क्लेमसाठी बेस पिरियड, म्हणजे ज्या काळातली कमाई मोजतात तो काळ, जानेवारी ते डिसेंबर २०२४. दुकानाचे ५२ आठवडे × ४०० = २०,८०० डॉलर. २०२५ साठी पात्रतेची अट आहे किमान ३०३ डॉलर कमाईचे २० आठवडे, किंवा एकूण १५,२०० डॉलर. एकट्या दुकानाच्या पगारावर ती पूर्ण होते. भत्ता सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के, म्हणजे २४० डॉलर. शाळेचे साधारण ४० आठवडे धरले तर एकूण ४२,४०० डॉलर होतात आणि भत्ता ४८९ च्या आसपास जातो. तेव्हा अपिलात दोन मागण्या ठेवा: शाळेचा पगार वगळून दुकानाच्या पगारावर भत्ता द्या, आणि शाळेची 'खात्री' ही खात्रीच नाही, म्हणून पूर्ण भत्ता द्या.

पहिल्या मागणीला दुकानाचा २०२४ चा डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा फॉर्म) आणि दुकान बंद झाल्याचा पुरावा जोडा. दुसरीत जास्त भांडावं लागेल. अमेरिकेच्या केंद्रीय कामगार खात्याच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार, खात्री धरायची तर ऑफर अधिकार असलेल्या माणसाकडून आलेली हवी, काम त्याच दर्जाचं हवं आणि नवी कमाई आधीच्या किमान ९० टक्के हवी. तुमच्या तासांत हे बसवून बघा: ३० चे २७ तास झाले तर सीमेवर, २५ झाले तर ८३ टक्के, म्हणजे खात्री धरता येत नाही. निधी किंवा वर्ग किती ठेवायचे यासारखी अट शाळेच्याच हातात असेल, तर तीही सहसा तुमच्या बाजूने मोजली जाते. शाळेला ईमेलने विचारा: 'सप्टेंबरपासून आठवड्याला किती तास आणि तासाला किती दर?' उत्तर टाळलं, तर तो ईमेलही पुरावाच. फोनवर विचारू नका.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते दर आठवड्याचं सर्टिफाय करणं, म्हणजे त्या आठवड्याचा भत्ता मागणं, सोडल्याने. नकार आला तरी, अपील चालू असलं तरी, प्रत्येक आठवडा सर्टिफाय करा. सप्टेंबरमध्ये शाळेने काम दिलंच नाही, तर तुमच्यासारख्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मागचे पैसे मिळू शकतात, पण ज्या आठवड्यांचा दावा वेळेत केला तेवढ्यांचेच. शिक्षकांना ही सोय नाही.

मध्ये छोटं काम मिळालं तर ज्या आठवड्यात केलं त्या आठवड्यात नोंदवा, पगार हातात येईपर्यंत थांबू नका. आणि रक्कम टॅक्स कापण्याआधीची लिहा. कमाई आणि भत्ता मिळून मर्यादा भत्त्याच्या १२० टक्के, म्हणजे २४० च्या भत्त्यावर २८८. १५० कमावले तर १३८ मिळतील.

अपिलाची सुनावणी बहुतेक फोनवर होते. शाळेचं पत्र, ईमेल, दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा आधीच पाठवून ठेवा; सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला वाचून दाखवायला तुमच्याही हाताशी एक प्रत असू द्या. तुमच्याकडे वर्क परमिट असेल तर तो आताही चालू असावा लागतो आणि बेस पिरियडमध्येही असायला हवा होता.

आणि उन्हाळ्यात पुण्याला किंवा नागपूरला जाणार असाल, तर तिथे असतानाचे आठवडे सर्टिफाय करू नका. कामासाठी उपलब्ध असणं ही अट आहे, आणि तिथून लॉगिन केल्याचं कळतं. खोटं सांगून घेतलेली रक्कम परत करावी लागते, वर २५ टक्के दंड. परत आल्यावर त्याच आठवड्यात क्लेम पुन्हा सुरू करा.